मिस्त्रीची रेघ

कंपनीतली सोपी पत्रं कुणीही लिहायचं, अवघड पत्रं मात्र ताईच्या टेबलावर यायची. "काम वेळेत पूर्ण होत आहे, कळावे," असलं पत्र शिपायाने लिहिलं तरी चालतं. पण गिऱ्हाइकाची समजूत काढायची असली, कुणाला गोड बोलून नाही म्हणायचं असलं, चूक कबूल करायची आणि तरी मान खाली घालायची नाही असं काही असलं, की नवरा तिच्या केबिनच्या दारातून अर्धा आत यायचा, कागद टेबलावर सरकवायचा आणि म्हणायचा, "हे जरा तू बघ ना." हे "जरा" गेली चोवीस वर्षं चाललं होतं. त्यापायी ताईची मान कायमची धरली होती आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता.

आज दुपारी तो पूर्ण आत आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"उद्या अकराला गॉगल येतोय," तो म्हणाला. "त्याला लेखी पाहिजे. चूक कुणी केली त्याचं नाव, आणि तो माणूस यापुढे साइटवर दिसणार नाही असं लिहून. त्याशिवाय तो पुढचं बोलायला तयार नाही."

गॉगल म्हणजे सहा मजली ऑफिसची इमारत बांधून घेणाऱ्यांचा माणूस. उन्हात असो, जिन्यात असो, नाहीतर तळघरात, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. त्याच्या तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि तो खाली उतरला रे उतरला की गॉगल.

"मग कुणाचं नाव लिहू?" ताईने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे नवऱ्याला माहीत होतं. संसार जुना झाला की असे प्रश्न माणसं एकमेकांना छळायलाच विचारतात.

"इंजिनीअरचं. तपासणीच्या कागदावर सही तिची आहे."

"आणि रेघ कुणाची आहे?"

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर एक भिंत होती. तीही त्यांनीच बांधलेली.

आता ही रेघ काय ते सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ त्या रेघेचा. इमारतीचा मजला उभा राहिला की आतल्या भिंतींवर चहूबाजूंनी एक आडवी लाल रेघ मारतात. पुढे जी फरशी बसायची, तिच्यापासून बरोब्बर एक मीटर उंच. मग दाराची चौकट बसवणारा असो, खिडकीवाला असो, विजेची बटणं लावणारा असो, जो तो त्या रेघेपासून खाली-वर मोजतो. रेघ चुकली की सगळ्यांचंच चुकलं. आणि या कंपनीत ती रेघ मारायचा मान एकाच माणसाचा होता, मिस्त्रीचा. मिस्त्री म्हणजे ताईचा सख्खा थोरला भाऊ. सगळी कंपनी तिला ताई म्हणायची तीही त्याच्याचमुळे. तो कामावर जिला चिमी म्हणून हाक मारी, तिला बाकीच्यांनी चिमी कसं म्हणावं? म्हणून ताई.

चोवीस वर्षांपूर्वी कंपनी म्हणजे ही तीनच माणसं होती. नवरा बोलायचा, दादा बांधायचा, ती लिहायची. पहिलं काम एका चपलांच्या दुकानाची पडलेली मागची भिंत. ऑफिस म्हणजे घरातलं जेवायचं टेबल. जेवणाची वेळ झाली की नकाशे उचलून पलंगावर, झोपायची वेळ झाली की पलंगावरून पुन्हा टेबलावर. भिंतीनंतर पाच दुकानांची ओळ मिळाली. मग गोदाम, गॅरेज, दातांच्या डॉक्टरचा दुमजली दवाखाना, फर्निचरचं शोरूम. टेबल गेलं, पत्र्याची केबिन आली. केबिन गेली, काचेच्या दाराचं ऑफिस आलं. आता एका वेळी सात कामं चालू होती, दीडशेच्या वर माणसं होती, फक्त मिस्त्री तेवढा एकच होता.

पाच दुकानांच्या वेळची गोष्ट. एक संशयी दुकानदार होता. दादाने रेघ मारून पाठ फिरवली तोच त्याने खिशातून टेप काढली आणि मोजायला लागला. नवरा तेव्हा तरणाबांड होता, डोकं लगेच तापायचं. तो म्हणाला, "मिस्त्रीच्या रेघेवर टेप लावायची नाही. लावायची असेल तर दुसरा माणूस शोधा." दुकानदार भलता चिवट, त्याने पाच ठिकाणी मोजूनच टेप मिटली. पाचही ठिकाणी केसाचा फरक नाही. त्यानेच मग ती गोष्ट गावभर केली. त्या एका गोष्टीवर पुढची दहा कामं मिळाली म्हणा ना. तेव्हापासून कंपनीत तो नियमच होऊन बसला. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेल्मेट द्यायचं, हजेरीचं रजिस्टर दाखवायचं आणि सांगायचं, बाकी काय वाट्टेल ते मोज, मिस्त्रीच्या रेघेवर टेप लावायची नाही. अभिमानाने सांगायचे हो सगळे. इंजिनीअर पोरगी कामावर रुजू झाली तेव्हा तिला हे खुद्द ताईने सांगितलं होतं. हसून सांगितलं होतं.

आणि काल सकाळी चौथ्या मजल्यावर फरशीवाला गेला. त्याने रेघेवर टेप धरली आणि एक मीटर खाली सोडली. ती थेट उघड्या स्लॅबला टेकली. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून आठ सेंटिमीटर जाणार, त्याला जागाच नाही. त्याने दुसऱ्या खोलीत मोजलं, तिसऱ्या खोलीत मोजलं, आणि जिन्यात येऊन ओरडला, "अरे, फरशी बसवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

बेचाळीस चौकटी. अख्ख्या मजल्याच्या बेचाळीस चौकटी आठ सेंटिमीटर खाली बसल्या होत्या, पक्क्या, सिमेंट भरून. खालच्या तीन मजल्यांवर सगळं चोख होतं. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, "खटकलं होतं मला. खालच्या मजल्यांवर चौकटींचे पाय अधांतरी ठेवले होते, इथे थेट जमिनीला टेकत होते. पण मिस्त्रीची रेघ म्हटल्यावर मी कोण बोलणार?" असं म्हणून त्याने एक नाही, दोन नाही, बेचाळीस बसवल्या. कर्म आमचं!

"हे बघ," नवरा खिडकीपासून वळून म्हणाला, "दादांचं नाव लिहिलं तर आपण संपलो. लोक आपल्याला त्यांच्यावरून ओळखतात. ती पोरगी सव्वीस वर्षांची आहे. तिला छप्पन नोकऱ्या मिळतील."

"चुकीपायी काढलं असं पत्र हातात असल्यावर?"

"मग तू सांग काय करायचं. भाऊ तुझा आहे. लिही त्याचं नाव आणि बसव त्याला घरी. बसवतेस?"

वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनी गेली आणि पाचव्या दिवशी दादा साइटवर हजर. तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, कामात जीव रमेल. ताईही तेच म्हणाली होती. लेक सासरी, घरात दुसरं माणूस नाही. काम सुटलं तर हा माणूस महिन्याभरात खचेल, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. कंपनीने आणखी चार इमारती कमी बांधल्या तरी तिला चाललं असतं, पण दादा त्या रिकाम्या घरात एकटा बसलेला तिला बघवला नसता. तिच्या दृष्टीने त्या पत्रात एवढंच अडकलं होतं, त्याचं उरलेलं आयुष्य.

"जरा बघ ना," नवरा म्हणाला आणि गेला.

ती साइटवर गेली. लिफ्ट अजून बसायची होती. गुडघ्याला हात लावत, प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत ती चौथ्यावर पोहोचली. इंजिनीअर एका चौकटीपाशी उकिडवी बसून मोजत होती आणि आकडे वहीत लिहीत होती. केसांत सिमेंटची धूळ, डोळे सुजलेले. ताईला बघून ती धडपडत उभी राहिली.

"किती वेळा मोजशील?" ताई म्हणाली. "बेचाळीसच्या बेचाळीस चुकल्यात, माहीत आहे सगळ्यांना."

"मोजायचं तेव्हा मोजलं नाही ना," पोरगी म्हणाली. "ताई, त्या दिवशी टेप माझ्या हातात होती. लावणारही होते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत..."

"आठवतंय मला."

"म्हणून नुसती सही केली. माझीच चूक आहे. सही करायची तर मोजायलाच हवं होतं." तिने वही मिटली. "माझं नाव जाणार ना पत्रात?"

"बघू," एवढंच ताई म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. तिला स्वतःची लाज वाटत होती. बघू म्हणजे काय, हे त्या पोरीलाही कळलं असणार.

पुढच्या खोलीत दादा आणि सुतार पहार घालून चौकट उखडत होते. तिला बघून दादाने पहार भिंतीला टेकवली. सुतार शहाणा, तो पाणी प्यायला निघून गेला.

"चार मजले चढून आलीस, चिमे? गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघ्याचं जाऊ दे. दादा, हे झालं कसं?"

दादाने रेघेकडे बघितलं. रेघ अजून तशीच होती, लालभडक आणि सरळ. सरळपणात काही खोट नव्हती.

"पायाखाली जमीन होती, तिच्यापासून मीटर मोजला," तो म्हणाला. "दुसरं काय. पूर्वी आपण आधी फरशी टाकायचो, मग रेघ. उभा जन्म तसंच केलं. या मोठ्या कामांत फरशी शेवटी येते, तिची आठ सेंटिमीटर आधीच धरायची. तीन मजले आठवण ठेवली. चौथ्याला हात आपल्या सवयीने गेला. मारताना शंकासुद्धा आली नाही बघ."

"त्या दिवशी बरं नव्हतं का तुला?"

"बरं होतं की. चौथं काम होतं दिवसाचं. सकाळी गोदाम, मग बँकेचं, मग तो नवा दवाखाना, मग इथे. इथे आलो तेव्हा डोळ्यांपुढे नुसत्या रेघाच दिसत होत्या."

"मग सांगायचं ना, आज होत नाही म्हणून!"

"कुणाला सांगू?"

तक्रार म्हणून नाही, अगदी खरोखरचा प्रश्न म्हणून त्याने विचारलं. आणि सांगायचं असतं ते ताईलाच, कारण त्याला घ्यायला गाडी ती पाठवायची. कुठल्या दिवशी कुठल्या साइटवर न्यायचं, त्याचा तक्ता ती करायची. नवा जावई घरोघरी फिरवतात तसा तो सात साइटवर फिरत होता, काखोटीला रेघ मारायची दोरी आणि लाल भुकटीची पिशवी घेऊन. एका दिवसात चार कामं बसली की तक्ता छान भरल्यासारखा दिसायचा. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, चार साइट, आणि वर तिचं मन म्हणायचं, बघा, किती रमलाय.

"माझं नाव लिही पत्रात," दादा म्हणाला. "त्या पोरीचा काय संबंध?"

"वेडा आहेस का तू? मग घरी बसून काय करशील? भिंतींशी बोलशील?"

"भिंतींशी तर आजवर बोलतच आलो," तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर तो पुन्हा चौकटीकडे वळला. "बघ तुला पटेल तसं. हा सुतार कुठे उलथला?"

ताई ऑफिसला परत आली आणि संध्याकाळी पाचच्या आत पत्र लिहून मोकळी झाली. चोवीस वर्षांचा हात होता, उगीच नाही. "संबंधित अभियंत्याकडून तपासणीत अनवधानाने त्रुटी राहिली." पोरीचं नाव दुसऱ्या परिच्छेदात, तेही वाक्याच्या मधोमध, म्हणजे वाचताना टोचू नये. कुणाबद्दल वाईट शब्द नाही आणि तरी त्या पोरीचा गळा पुरता कापलेला. पत्र इतकं सफाईदार उतरलं होतं की तिने ते पुन्हा वाचलं नाही. ते फाइलमध्ये घालून ती घरी गेली. नवऱ्याने विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं."

दुसऱ्या दिवशी अकराला गॉगल आला. चष्मा कपाळावर, हातात दोन फोन. नवऱ्याने त्याला लांब टेबलाच्या टोकाला बसवलं, ताईने फाइल पुढ्यात ठेवली, चहा आला. इंजिनीअरला बोलावून घेतलं होतं. ती भिंतीकडेच्या खुर्चीवर टोकाशी बसली होती आणि सारखी नखाने नख कोरत होती. आता पत्र काढायचं, एवढ्यात काचेचं दार ढकलून दादा आत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून बसवले होते. चोवीस वर्षांत तो या असल्या टेबलाशी कधी बसला नव्हता. आजही बसला नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"रेघ माझी आहे," तो गॉगलला म्हणाला. "चौथ्या मजल्याची. आठ सेंटिमीटर धरायचं विसरलो. या पोरीचा दोष नाही."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. पोरीचं तोंड उघडंच राहिलं.

गॉगलने दादाकडे पाहिलं आणि तो मोठ्याने हसला. "अहो मिस्त्री, बसा, बसा! तुम्हाला कोण काढतंय? तुमच्या नावावर तर हे काम दिलं आम्ही. आमचे मोठे साहेब त्या चपलांच्या दुकानाच्या शेजारी राहायचे तेव्हा." मग तो नवऱ्याकडे वळला. "चूक होते हो. माणूसच आहे. पण तपासायला ठेवलेल्या माणसाने तपासायला नको? नाव तिचंच लागेल कागदावर, वर कुणाला तरी दाखवावं लागतं. तेवढं मिटवून टाका. आणि आता मुद्द्याचं. समोरचा प्लॉट आमचाच आहे. आठ मजली. तुम्हालाच द्यायचं म्हणतोय. अट एकच, मिस्त्री रोज तिथे उभे पाहिजेत. दुसरीकडे कुठे नाही, तिथेच. दोन वर्षं म्हणा, अडीच म्हणा."

आठ मजली! नवऱ्याचा चेहरा असा उजळला की ताईला त्याची दयाच आली. जेवणाच्या टेबलापासून हा माणूस याच वाक्याची वाट बघत होता, आणि ते असं चहाच्या कपाबरोबर समोर आलं होतं.

"दादा, ऐकलंत?" नवरा म्हणाला. "नुसते उभे राहिलात तरी चालेल. काय?"

दादाने खुर्चीची पाठ सोडली आणि पुन्हा धरली.

"बरं," तो म्हणाला.

हे बरं ताईच्या ओळखीचं होतं. दादा, गोदामाचं काम घेतलंय. बरं. दादा, उद्यापासून दोन साइट आहेत. बरं. चार आहेत. बरं. सात आहेत. बरं. दर वेळी तिने ते ऐकलं होतं आणि दर वेळी वाटलं होतं, गडी तयार आहे. आज ती त्याच्या तोंडाकडे बघत होती म्हणून तिला दिसलं. उतरलेलं तोंड, धूसर डोळे. आपल्याला आता काढतील आणि सुटू, म्हणून हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि त्याला माफ करून टाकलं होतं सगळ्यांनी. बापरे, ताईच्या मनात आलं, आपण याला कामात ठेवला तो याला जपायला ना? आणि हा कामात राहिला तो कशाला? आपण नाही म्हणेपर्यंत याने नाही कसं म्हणावं, म्हणून. आपण मारलंच की याला.

"फाइल बघू," गॉगलने हात पुढे केला.

ताईने फाइल आपल्याकडे ओढली, पत्र काढलं आणि मधोमध फाडलं. दुसऱ्यांदाही फाडलं, कारण पहिल्यांदा ते नीट फाटलं नव्हतं.

"मिस्त्री उद्यापासून येणार नाहीत," ती म्हणाली. "समोरच्या प्लॉटवर नाही आणि आमच्याही कुठल्या साइटवर नाही."

"अगं!" नवरा उठलाच.

"थांबा जरा," ती म्हणाली. चोवीस वर्षांत "जरा" तिने पहिल्यांदाच त्याला ऐकवलं असेल. मग गॉगलकडे बघून म्हणाली, "साहेब, नाव पाहिजे ना तुम्हाला? माझं लिहा. दिवसाला चार साइट मी लावल्या त्यांना. रेघ मोजायची नाही हे या मुलीला मी सांगितलं. मुलगी राहील. सगळ्या रेघा यापुढे ती मोजेल, कुणाच्याही असोत. बेचाळीस चौकटी आम्ही नीट करून देऊ, तीन आठवडे लागतील. आठ मजल्यांचं म्हणाल तर आमची कंपनी बघून द्या, नाहीतर नका देऊ. माझा भाऊ दमलाय."

हे शेवटचं वाक्य तिला नीट म्हणता आलं नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

गॉगलने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. तो तिने पहिल्यांदाच जागेवर आलेला पाहिला. "मला वर विचारावं लागेल," तो म्हणाला. "मिस्त्री नसतील तर अवघड आहे." दोन्ही फोन उचलून तो गेला, चहा तसाच टाकून.

दार मिटल्यावर नवरा म्हणाला, "आठ मजले होते."

"हो."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जरा बघ ना," ताई म्हणाली. ती त्याच्यावर चिडलेली नव्हती. चिडायचं त्राणच उरलं नव्हतं तिच्यात. नवरा खुर्चीत बसला, त्याने फाटलेल्या पत्राचे तुकडे एकाशेजारी एक ठेवले आणि पोरीचं नाव कुठे आहे ते शोधत बसला. मग सगळे तुकडे गोळा करून खिशात घातले. "चौकटींचं बघा तुम्ही," तो इंजिनीअरला म्हणाला. "जा. आणि मोजून घ्या." पोरगी रडतच बाहेर पळाली.

दादा कधीच निघून गेला होता. ताई जिन्याकडे धावली, म्हणजे तिच्या गुडघ्याने जेवढं धावू दिलं तेवढी. तो मधल्या पायऱ्यांवर कठड्याला धरून उभा होता, उतरायचं का चढायचं हे न कळल्यासारखा.

"चिमे, मला विचारायचं तरी होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "मोठं काम गेलं गं तुमचं."

"जाऊ दे."

"उद्या गाडी येणार नाही?"

"नाही."

"परवा?"

"नाही, दादा. गाडी आता यायचीच नाही."

त्याच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. ताईने ते पाहिलं आणि तिला भडभडून आलं. किती वर्षं हे खांदे तसे वर ओढलेले होते, कुणास ठाऊक. आणि लगेचच त्याच्या चेहऱ्यावर भलतीच काळजी आली.

"मग मी उद्या सकाळी करू काय?"

"झोप," ताई म्हणाली. "काही करू नकोस. मस्त झोप."

दादाने मान हलवली. दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि वळून त्याने विचारलं, "किती वाजेपर्यंत?"

ताई तिथेच पायरीवर बसली. तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं, आवरेना. पदर तोंडावर धरून ती रडत राहिली, आणि तो कठड्याला धरून, तिने वेळ सांगावी म्हणून, खाली उभा राहिला.